उलटी गिटार आणि अर्धी कणीक

दादाने गिटार घेतली तेव्हा तो अकरावीत होता आणि मी सातवीत. त्याच्या कॉलेजात एक मुलगा कट्ट्यावर बसून गिटार वाजवायचा आणि त्याच्याभोवती मुलींचा घोळका जमायचा, एवढंच त्यामागचं कारण. आमच्या नाहूरच्या दोन खोल्यांत गिटार ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती कपाटावर, गाद्यांच्या चळतीवर आडवी पडायची. दादाने तीन आठवडे जोर लावला. बोटांची सालं निघाली, पहिली तार दोनदा तुटली, आणि त्या घोळक्यातली, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती मुलगी कॅरम खेळणाऱ्या एका पोराबरोबर फिरताना दिसली. त्यानंतर गिटार गाद्यांवर गेली ती दादाच्या हातून पुन्हा खाली आली नाही.

खाली काढायची ती मी. शाळा सकाळची, आई दुपारी शिवणाच्या क्लासला शिकवायला जायची, बाबा कामावर. स्टुलावर चढून गिटार काढायची, पलंगावर मांडी घालून बसायचं आणि तारा छेडत राहायचं. मी डावखुरी. जेवताना उजवा हात वापरायचा एवढं वळण आईने लावलं होतं. बाकी लिहिणं, भाजी चिरणं, कॅरमचा स्ट्रायकर मारणं सगळं डाव्याने. त्यामुळे गिटारही मी जशी हातात आली तशी धरली, म्हणजे उलटी. उजव्या हाताने वाजवणाऱ्याला जाड तारा वर लागतात आणि बारीक खाली. माझ्या हातात बारीक तारा वर आल्या, अंगठ्याखाली, आणि जाड तारा खाली, बोटांच्या वाट्याला. हे चुकीचं आहे हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. दादाला वाटलं असतं तर त्याने सांगितलंही असतं, पण त्याला गिटारचा विषयच नको होता.

घरात संगीत होतं ते बाबांचं. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका शाळेत शिपाई म्हणून लागले. पण आमच्या वस्तीत त्यांना कुणी शिपाई म्हणून ओळखत नसे. ते पखवाजवाले होते. कोकणातून आलेल्या दहाबारा घरांचं मिळून भजनी मंडळ होतं, कुणाकडे सत्यनारायण असो, गणपती असो, नवीन घराची वास्तुशांत असो, बाबांचा पखवाज खांद्यावर निघायचा. शनिवारी संध्याकाळी ते घरी सराव करायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते. ती थापली की आवाज खाली उतरतो, पोटातून आल्यासारखा घुमतो. सुकली की आवाज कोरडा पडतो आणि पुन्हा पाणी लावून मळावी लागते. आईचा स्वयंपाक आणि बाबांचा सराव एकाच वेळी असायचा, त्यामुळे परातीतला एक गोळा दर शनिवारी पखवाजाकडे जायचा आणि आई दर शनिवारी त्यावरून बोलायची.

मी बाबांचं ऐकून ऐकून तेच गिटारवर काढायचा प्रयत्न करायचे. जाड तारा बोटांखाली होत्याच. तर्जनीने त्या जाड तारेवर पखवाजाचा डावा हात, आणि अंगठ्याने वरच्या बारीक तारांवर गाण्याची चाल. तीनचार सूर एकदम वाजवायचे, असा कॉर्ड नावाचा प्रकार असतो हे मला कितीतरी दिवस माहीतच नव्हतं. एका शनिवारी बाबा दारात चपला काढत असताना मी वाजवत होते. ते तिथेच थांबले, एक चप्पल पायात आणि एक हातात. मला वाटलं, आता ओरडा बसणार. ते एवढंच म्हणाले की समेवर येताना घाई होतेय, आणि हातपाय धुवायला गेले.

शाळा-कॉलेजात मी सिनेमाची गाणी म्हणायचे. स्पर्धांना जायचे, उत्तेजनार्थ बक्षिसं आणायचे. उत्तेजनार्थ मिळालेल्या स्टीलच्या डब्यांचा आईकडे एक पूर्ण सेट झाला होता. एका परीक्षकांनी मला बाजूला बोलावून प्रेमाने सांगितलं की आवाज चांगला आहे, पण गिटार नीट शिकून घे, तू ती भलतीच धरतेस. तोवर दादा नोकरीला लागला होता. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी मालाडच्या एका सरांचं नाव सुचवलं. सरांनी तरुणपणी चर्चमध्ये, लग्नाच्या बँडमध्ये, हॉटेलांत गिटार वाजवली होती आणि आता ते घरीच शिकवत. दादा स्वतः मला घेऊन गेला. गिटार अर्धवट सोडल्याची खंत त्याला कुठेतरी असणार, कारण गिटारची बॅग त्याने पूर्ण वाट स्वतःच्याच खांद्यावर ठेवली.

नाहूरहून लिंक रोडच्या बसने दिंडोशीला उतरायचं आणि तिथून रिक्षाने मालाड. सरांचं घर एका जुन्या गावठाणात होतं, पुढे छोटं अंगण, अंगणात पेरूचं झाड. सर सत्तरीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, घरातही इस्त्रीचा शर्ट घालणारे. आंटी, म्हणजे त्यांची बायको, उंच आणि मोठ्या आवाजाच्या. दोघंही झकास मराठी बोलायचे, आमच्यापेक्षा वेगळ्या हेलाची.

सरांनी मला वाजवायला सांगितलं. मी एक सिनेमाचं गाणं वाजवलं. ते उठून माझ्यामागे उभे राहिले, मग समोर आले, मग पुन्हा मागे गेले. शेवटी म्हणाले की हे सगळं पुसायला लागणार. त्यांनी गिटार माझ्या हातात सुलटी दिली आणि आमचे हाल सुरू झाले. तीन महिने मी उजव्या हाताने तारा छेडत होते आणि तो हात जणू दुसऱ्या कुणाचा होता. मग त्यांनी डावखुऱ्यांसाठी तारा बदलून, उलट्या क्रमाने लावून पाहिल्या. त्यानेही माझा अंगठा गोंधळला. त्याला बारीक तारा हव्या होत्या आणि तिथे जाड आल्या होत्या. मी घरी येऊन रडायचे नाही, पण बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायचे. एकदा मी सरांना सांगून टाकलं की मला जमणार नाही, तुमचा वेळ फुकट जातोय.

पुढच्या आठवड्यात येऊ नकोस, त्याच्या पुढच्या आठवड्यात ये, सर एवढंच म्हणाले. मला वाटलं, संपलं. सभ्य माणूस आहे, दारातून हाकलत नाही इतकंच.

दोन आठवड्यांनी गेले तर आंटी अंगणातच भेटल्या. त्यांनी माझा दंड धरला आणि तक्रार सुरू केली. या माणसाने पंधरा दिवस डोकं खाल्लंय, म्हणाल्या. सकाळ-संध्याकाळ बेसूर वाजवतो. शेजारची बाई विचारायला आली की नवीन विद्यार्थी कोण आहे, फारच कच्चा आहे.

आत सर गिटार उलटी धरून बसले होते. माझ्यासारखी. बारीक तारा वर, जाड तारा खाली, आणि छेडायला डावा हात. पन्नासएक वर्षं उजव्या हाताने वाजवलेला माणूस डाव्या हाताने, उलट्या तारांवर, तीन कॉर्ड धडपडत वाजवत होता. तारा दाबणाऱ्या त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना नवे घट्टे पडले होते. मला बसायला सांगून ते म्हणाले, "तू काय बघतेस ते मला दिसल्याशिवाय मी तुला शिकवणार कसं? आता थोडं थोडं दिसतंय. चल, दोघं मिळून शिकू."

त्या दिवशी मी मात्र रडले. सरांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि मला सी कॉर्ड धरायला लावली.

पुढची दोन वर्षं आम्ही खरोखरच मिळून शिकलो. प्रत्येक कॉर्डला माझ्या हातात बोटं वेगळी बसायची, ती सर शोधून काढायचे. काही सापडायच्या, काही नाही. ज्या नाही सापडल्या त्यांच्याशिवाय जगायचं ठरवलं. मधे मधे ते मला त्यांच्या बँडच्या काळातल्या गोष्टी सांगायचे. नाचणाऱ्या माणसांचे पाय बघून ठेका कसा पकडायचा, गायक विसरला तर त्याच्याकडे न बघता त्याला कसं सांभाळून घ्यायचं, हे सगळं मी त्यांच्याकडून घेतलं. आंटी स्वयंपाकघरातून चुका सांगायच्या. त्यांना गिटारचं ओ की ठो कळत नव्हतं, पण चूक बरोबर कळायची.

एक दिवस सरांनी विचारलं की तुमच्या घरात काय गातात. मी म्हटलं, बाबांचं भजन. आणि आई? आई गात नाही, मी म्हटलं, ती बोलते. सर म्हणाले की प्रत्येक बाई काहीतरी गाते, आठव. मग मला गौरीच्या रात्रीची फुगडीची गाणी आठवली. आई, माझी आत्या, वस्तीतल्या बायका, कमरेला पदर खोचून, एकमेकींना टोमणे मारत म्हणायच्या ती. मी एक म्हणून दाखवलं. सरांनी त्याखाली कॉर्ड वाजवून पाहिल्या आणि थांबले. कॉर्ड नको, म्हणाले. त्यांनी मला सांगितलं की सगळ्यात वरची बारीक तार अंगठ्याने नुसती मोकळी वाजत ठेव, चाल दुसऱ्या तारेवर घे. मी तसं केलं आणि अंगावर काटा आला. शेजारच्यांच्या लग्नानंतर गोंधळ घातला होता तेव्हा गोंधळ्यांच्या मागे उभा असलेला माणूस तुणतुणं वाजवत होता. एकच तार, सगळ्या गाण्यात न थांबता. तोच आवाज माझ्या अंगठ्याखालून येत होता. गिटार सरळ धरणाऱ्याला हे करायला बोटं वाकडी करावी लागतात. माझा अंगठा तिथे आधीपासून बसलेलाच होता.

त्या दिवसापासून सिनेमाची गाणी हळूहळू मागे पडली आणि मी स्वतःची करायला लागले. सुरुवातीची फार वाईट होती. चंद्र, वाट, पाऊलखुणा असलं काहीबाही. सर शांतपणे ऐकायचे आणि विचारायचे, "ही कोण आहे? मी हिला ओळखत नाही." मी म्हणायचे, मीच आहे सर. ते म्हणायचे की नाही, तुला ओळखतो मी.

मग एका शनिवारी घरी आई-बाबांचं कणकेवरून नेहमीचं वाजलं. पाहुणे आले होते, कणीक कमी पडली होती आणि बाबांनी विचारल्याशिवाय गोळा उचलला होता. आई मालवणीत जे बोलली ते ठेक्यात होतं. मी वहीत उतरवून घेतलं. दोन दिवसांत गाणं झालं:

अर्ध्या कणकेची चपाती केली, अर्धी पखवाजाक लावली,
देव जेवलो पोटभर, आमका परात उरली.

दुसरी ओळ आधी वेगळी होती. पोरं उपाशी झोपली असं मी लिहिलं होतं. आईला वाचून दाखवलं तर ती संतापली. माझ्या घरात कुठलं पोर कधी उपाशी झोपलं ते सांग, म्हणाली, आणि तू तर मुळीच नाही. ती ओळ बदलल्याशिवाय हे गाणं घराबाहेर न्यायचं नाही अशी तिने अटच घातली. परात तिनेच सुचवली. म्हणजे खरं तर निम्मं गाणं तिचंच.

हे गाणं मी सरांना ऐकवलं. आंटी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, हात पुसत, आणि म्हणाल्या की आत्ता कुठे ही मुलगी घरात आली.

दरम्यान माझं शिक्षण झालं आणि मी मुलुंडच्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागले. अजूनही तेच करते. दिवसभर लोकांना वरची ओळ वाचा, खालची ओळ वाचा, आता बरं दिसतं की मघाशी, असं विचारायचं आणि सुट्टीच्या दिवशी गायचं. अंधेरीत कॉफीच्या दुकानांतून नवीन गाणाऱ्यांना पाचदहा मिनिटं देतात. तिथे मी खूप गायले. कॉफीचं मशीन नेमकं हळव्या ओळीवर फुसफुसायचं. समोरची पोरं आपापल्या फोनमध्ये. पण कणकेचं गाणं आलं की फोन खाली जायचे. मालवणी न कळणारेही हसायचे. हळूहळू माझी आठदहा गाणी जमली, सगळी घरातली, वस्तीतली, दुकानातली. खालची ओळ पाठ करून येणाऱ्या आजोबांवर एक, वेळेआधी येणाऱ्या पाण्यावर एक.

मग अंधेरीतल्याच एका छोट्या सभागृहाने मला बोलावलं. दीडशे खुर्च्या, तिकीट लावून, दीड तास माझा एकटीचा कार्यक्रम. माझ्या आयुष्यातला पहिला. आयोजकांनी ठेक्यासाठी एक मुलगा दिला. लाकडी खोक्यावर बसून ते खोकंच हाताने वाजवतात तसलं वाद्य तो वाजवायचा, आणि फार चांगला वाजवायचा. पण माझ्या गाण्यांना तो लागेना. मी जिथे जोर देत होते तिथे त्याला मोकळी जागा दिसायची, आणि मी जिथे श्वास घेत होते तिथे तो दणका द्यायचा. दोन तालमी झाल्यावर तो बिचारा मला म्हणाला की ताई, तुम्ही हे कुणाकडून शिकलात, मला याचा नकाशाच कळत नाही. राग नव्हता त्याच्या बोलण्यात, उलट कुतूहल होतं.

मी मालाडला जाऊन सरांना सांगितलं. सरांना हसू आलं. ते म्हणाले, "ठेका तर तू घरून आणलास. मग वाजवणारा बाहेर कशाला शोधतेस?"

बाबांना विचारायचं म्हणजे अवघड होतं. तोवर ते निवृत्त झाले होते, पण पखवाज चालू होता. माझ्या गाण्यांबद्दल त्यांनी चांगलं-वाईट काही म्हटलं नव्हतं. कणकेचं गाणं सुरू झालं की ते पेपर उघडायचे. जेवताना मी विषय काढला. त्यांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पखवाज देवाचो. तिकीट लावन वाजवूचो नाय."

त्यापुढे बोलायची माझी हिंमत नव्हती. बाबांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच. आई ताटात भात वाढत होती. ती वाढता वाढता म्हणाली, "देवाच्या पखवाजाक माझी कणीक चलता. मगे माझां गाणां कित्याक चलणा नाय?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ताटाकडे बघितलं. दादा त्या दिवशी घरी होता, त्याने तोंडात घास कोंबला, हसू दाबायला. रात्री झोपताना बाबांनी मला फक्त विचारलं की तुझं गाणं पेटीच्या कुठल्या पट्टीत आहे. मी म्हटलं, काळी चार. मग पखवाजाचा सूर उतरवावा लागणार नाही, म्हणाले.

तालमीला सर नाहूरला आले. आंटींनाही घेऊन आले. बाबांनी आदल्या दिवशीच केस कापून घेतले होते. सर आल्यावर दोघं एकमेकांना अहो-जाहो करत अवघडून बसले. मग बाबांनी पखवाज मांडीवर घेतला, आईने न बोलता कणकेचा गोळा आणून दिला, आणि मी सुरू केलं. पहिल्या कडव्यात बाबांनी नुसतं ऐकलं. दुसऱ्यात त्यांचा डावा हात हलकेच खाली आला आणि मला कळलं की मी इतकी वर्षं जे एका तर्जनीने वाजवत होते ते पूर्ण असतं तेव्हा कसं असतं. माझं बोट थांबलं. आता त्याची गरजच नव्हती. सर मला म्हणाले की थांबू नकोस, दोन्ही राहू दे, मुलगी आणि बाप बरोबर चालतात तसे.

बाबांनी मात्र चुका काढायला सुरुवात केली. समेवर येताना घाई होतेय, हे तर आलंच. तिसऱ्या कडव्यात शब्द जास्त आहेत, श्वासाला जागा नाही, एक ओळ काढ. सर म्हणाले, ओळ काढू नका, लय जरा सावकाश बसू द्या. त्यावरून दोघांची अशी जुंपली की मी आणि आई स्वयंपाकघरात जाऊन तिसळ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं कालवण गरम करायला लागलो. शेवटी ओळ राहिली आणि लय बसली. जेवताना आंटींनी तिसऱ्यांदा कालवण घेतलं आणि आईला कृती विचारली. सर आणि बाबा तोवर अरे-तुरेवर आले होते.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सहाला होता. नाहूरहून दादाने गाडी केली. पुढे पखवाज, मागे आम्ही. आईने स्टीलच्या डब्यात कणीक मळून घेतली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून. सभागृह भरलं होतं. आमच्या वस्तीतली भजनी मंडळी दोन रांगा अडवून बसली होती, तिकिटं काढून. सर-आंटी पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी आई आणि दादा.

मी आणि बाबा स्टेजवर बसलो. बाबांनी पखवाजाला नमस्कार केला, मग, नेहमी समोर देव असतो, आता लोक होते, तर त्यांनी लोकांनाही केला. पहिली तीनचार गाणी छान गेली. पाण्याच्या गाण्याला लोकांनी ठेका धरला. पण सभागृहात एसी इतका गार होता की बाबांच्या पखवाजावरची कणीक सुकायला लागली. मला आवाजातच कळलं. घुमणं कमी झालं, मग टणटण व्हायला लागलं. बाबा मधल्या वेळात बोटाने पाणी लावत होते, पण पेल्यातलं पाणी संपलं. आणि पुढचं गाणं कणकेचं होतं.

मी पहिली ओळ गायले. अर्ध्या कणकेची चपाती केली, अर्धी पखवाजाक लावली. बाबांचा डावा हात पडला आणि आवाज आला तो डब्यावर थाप मारल्यासारखा. बाबांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना वाजवताना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मी गाणं थांबवावं की चालू ठेवावं ते मला सुचेना, म्हणून सरांनी शिकवल्याप्रमाणे वरची तार मोकळी वाजवत राहिले.

तेवढ्यात आई उठली. हातात तो डबा. ती पहिल्या रांगेतून बाजूच्या पायऱ्यांनी स्टेजवर आली, कुणाकडे न बघता, घरातल्या घरात चालावी तशी. बाबांच्या शेजारी बसली, जुनी कणीक नखाने खरवडून काढली, डब्यातला ताजा गोळा पखवाजावर थापला, अंगठ्याने मधे दाबला, कडेने फिरवला. हे करायला तिला अर्धं मिनिट लागलं असेल. सभागृहात आधी कुणाला काही कळलं नाही. मग मालवणी मंडळींच्या रांगेतून हसू सुरू झालं, आणि ते पसरत गेलं, कारण मी नुकतंच जे गायले होते तेच समोर चाललं होतं. लोकांना वाटलं, हे बसवलेलं आहे. आई उठली, पदराला हात पुसले आणि माझ्या माईकजवळून जाताना बाबांना म्हणाली, "वाजवा आता." ते माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

बाबांनी वाजवलं. मी त्यांना असं वाजवताना ना आधी ऐकलं, ना नंतर. मी गात होते आणि हसत होते, त्यामुळे दोन ओळी चुकल्या, पण टाळ्यांत कुणाला कळलं नाही. आंटींना कळलं. त्यांनी नंतर सांगितलं.

त्यानंतर बरंच काही झालं. कुणीतरी फोनवर ते चित्रण केलं होतं, ते पुष्कळांनी पाहिलं, मला दुसऱ्या गावांतून बोलावणी आली. दुकानात चष्मा करायला आलेल्या एका बाईंनी मला अक्षरांच्या तक्त्यासमोर उभं राहूनच ओळखलं, एक डोळा झाकलेला असताना. बाबा आता माझ्याबरोबर येतात, पण एकादशीला नाही आणि गणपतीत नाही. ती त्यांची अट आहे. आणि आई आली तर पुढच्या रांगेत बसते, डबा घेऊन, कारण एसीचा भरवसा नाही.

गेल्या वर्षी सर आणि आंटींच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. त्याच्या दोनतीन महिने आधी सरांनी मला अंगणात नेलं, आंटींना ऐकू जाणार नाही इतक्या लांब, पेरूखाली. म्हणाले की मी जन्मभर दुसऱ्यांची गाणी वाजवली, हिच्यासाठी एकही केलं नाही, मला ते येत नाही, तू कर. मी विचारलं, काय लिहू. तेव्हा त्यांनी सांगितलं की आंटी लग्नाआधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सरांनी एकदा हॉटेलातून फोन लावला, पलीकडून त्यांचा आवाज आला, आणि त्यानंतर सर रोज काहीतरी निमित्त काढून फोन लावायचे. कधी भलताच नंबर मागायचे, कधी किती वाजले ते विचारायचे. सहा महिने. मग एक्स्चेंजच्या दारात लांब उभे राहून आवाजावरून त्यांना हेरलं आणि पुढच्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये जाऊन ओळख काढली. पण फोन करणारा तो माणूस मीच, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही, म्हणाले. तिला वाटतं आमची ओळख चर्चमध्ये झाली.

मी गाणं केलं. नंबर मागणाऱ्या माणसाचं. सरांच्या सांगण्यावरून ते सरळ मराठीत केलं, त्यांच्या हेलातले चारपाच शब्द घालून, आणि ते शब्द त्यांनी स्वतः माझ्याकडून घोटून घेतले. लग्नाच्या वाढदिवशी अंगणात मांडव होता, आमच्या घरचे सगळे होते, दादा बायकोला घेऊन आला होता. बाबांनी पखवाज आणला होता. सरांनी गिटार घेतली, मी माझी घेतली, आणि आम्ही वाजवलं. तिसऱ्या कडव्यात तो माणूस रोज किती वाजले ते विचारतो असं येतं. मी आंटींकडे बघत होते. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, हातात केकची बशी.

गाणं संपलं तेव्हा सर त्यांच्याकडे बघायचं टाळून गिटारची तार सुरात आणत बसले, जी सुरातच होती. आंटींनी बशी बाजूला ठेवली आणि त्या म्हणाल्या, "मला दुसऱ्या फोनलाच कळलं होतं. हॉटेलचा नंबर बोर्डावर दिसायचा ना. माझ्याबरोबरच्या मुली त्या लाईनचा दिवा लागला की मलाच बोलवायच्या."

सरांनी विचारलं की मग इतकी वर्षं बोलली का नाहीस. आंटी म्हणाल्या की तू पण नाही बोललास. आणि उठून त्यांनी सरांच्या हातातली गिटार काढून माझ्याकडे दिली, कारण आता नाचायचं होतं, आणि मला व बाबांना सांगितलं की जरा चांगल्या ठेक्याचं काहीतरी वाजवा, पाय दुखतात म्हणून फार जलद नको.